साध्या शॉकअपचं शिलंगण

८ सप्टेंबर, सोमवार

विसर्जनाचा आळस अजून अंगात होता आणि सकाळी सकाळी दुकानापुढं टोइंगच्या ट्रकवरून एक लाल गाडी उतरली. दोनच सीट, छप्पर मागे दुमडणारं, पोट जमिनीला टेकायला आलेलं. असली गाडी कुरुळीत कुणी बघितली नव्हती. किराणावाल्यापासून पिठाच्या गिरणीवाल्यापर्यंत सगळे गोळा झाले आणि गाडी सोडून माझ्याच तोंडाकडे बघायला लागले, की ही बाई आता काय करते.

माझ्या पाटीवर लिहिलंय, 'सर्व प्रकारचे शॉकअप दुरुस्त करून मिळतील'. सर्व म्हणजे सर्व. पाटी मीच रंगवून घेतली, आता माघार कुठून घेऊ?

बरोबर दोघे आले होते. दिग्विजय, चाळिशीचा, काळा गॉगल, बोलताना फोनमधून मान वर नाही. आणि त्याचे वडील दौलतराव, धोतर-टोपीतले, इथले जुने गावकरी. दिग्विजयने हौसेने गाडी घेतली आणि चाकणच्या खड्ड्यात घातली. पुढचे दोन्ही शॉकअप गेले, तेल गळतंय. हे शॉकअप विजेवर चालणारे. रस्ता कसा आहे ते गाडीतला कॉम्प्युटर बघतो आणि वायरीतून सांगतो, कडक हो, नरम हो. शोरूमवाले म्हणाले, अख्खा संच बाहेरदेशातून येणार, कधी येईल सांगता येत नाही, त्यापेक्षा गाडी काढून टाका. म्हाताऱ्याने विचारलं, साधे बसत न्हाईत का? तर तिथला साहेब हसला म्हणे. "काका, हा काय टेम्पो आहे?"

एवढं ऐकलं आणि मी गाडी ठेवून घेतली. ज्या कंपनीत शॉकअपच्या टेस्टिंगवर उमेदीची वर्षं घालवली, तिथून निघतानाही मला असंच ऐकवलं होतं. 'आता सगळं इलेक्ट्रॉनिक येणार, आम्रपालीताई, हाताने दाबून बघायचे दिवस गेले.' गेले तर गेले. हात अजून माझ्याकडेच आहेत.

जेवण झाल्यावर मात्र वहीतली गिऱ्हाइकं मोजली. चार टेम्पो आणि दोन रिक्षांच्या जिवावर चाललेलं दुकान, आणि मी कुठल्या गाडीला हात घालून बसले.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

आज गाडी लिफ्टवर घेऊन पुढचा शॉकअप काढला. बघून हसू आलं. आत काय, तेच. तेल, दांडा, पिस्टन. वर एक विजेची झडप आणि तिची वायर. झडप गेली की सगळं गेलं. नाकापेक्षा मोती जड, दुसरं काय.

साध्या शॉकअपमध्ये पिस्टनवर पोलादाच्या पातळ चकत्या असतात. खड्डा लागला की तेल त्या चकत्या वाकवून पलीकडे जातं. चकत्या जास्त घातल्या की गाडी कडक, कमी घातल्या की नरम. कुणाला विचारायला नको, कुणी सांगायला नको.

ज्योतीरामला बोलावलं. तो कंपनीत टूलरूमला होता, आता माझ्या दुकानाच्या मागच्या गाळ्यात लेथ टाकून बसलाय. मूळचा लातूरकडचा. गाडीभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाला, "ताई, हे लै नाजूक जनावर आहे. चुकलं तर गाव आपल्याला सोडायचं नाही."

"मग नको करू?"

"करू की. मी कुठं नको म्हणलो?"

ठरलं ते असं. भोसरीतून त्याच लांबीचे साधे शॉकअप आणायचे, चारही. खालचा कान, म्हणजे बोल्ट जातो ते कडं, मापात बसणार नाही, तो ज्योतीराम लेथवर नवा करणार. चकत्या मी लावणार. स्प्रिंगा त्याच राहतील, त्यांना काही झालेलं नाही. डॅशबोर्डवर एक नारिंगी दिवा मात्र जळत राहणार, कारण कॉम्प्युटर वायरीच्या टोकाला जुनी झडप शोधणार आणि त्याला ती सापडणार नाही. शोधू दे.

१६ सप्टेंबर, मंगळवार

दौलतराव आले होते. दुधाच्या टेम्पोत पुढे बसून आले. एवढा जमीनजुमला, पण स्वतःला सायकलही येत नसावी. मीच विचारलं तर म्हणाले, "आमचा ट्रॅक्टर बैलापेक्षा गरीब हुता. कुणाचंबी ऐकायचा, फकस्त माझं न्हाई. कांदा घिऊन चाकणच्या बाजारात जायचा तवा मी मागं पोत्यावर."

काम बघायला आले असतील म्हणून मी शॉकअप दाखवायला घेतला, तर यांचं लक्ष भलतीकडेच. सीट किती पुढं येती? पायडल जड हाय का? स्टेरिंग वळवायला जोर लागतो का? पायाशी कापडबिपड अडकंल असं काई हाय का? मग खिशातून सुतळी काढली आणि सीटपासून पायडलपर्यंत मोजून तिला गाठ मारली.

मी हातातला पाना बाकावर आपटला. ज्याला गिअर कुठला आणि हँडब्रेक कुठला ते कळत नाही, तो माझं काम तपासतो. माझ्या जागी पुरुष मिस्त्री असता तर सुतळी निघाली असती का? नसती. म्हातारा चहा पिऊन 'बघ रे भाऊ नीट' म्हणून गेला असता. बाईने काम केलं की प्रत्येक नटाला साक्षीदार लागतो.

"काका," मी म्हणाले, "शॉकअप बदलतेय मी, सीट नाही. ती होती तशीच राहील."

"व्हय व्हय," म्हणाले, "पर पुढं येती नव्हं?"

जाताना म्हणाले, आमची ही सध्या रोज राजगुरुनगरला जाती, क्लासला. मी विचारलं, कसला क्लास? तर मिशीत हसून म्हणाले, हाय एक. भजनाचा असेल. या वयात बायकांना दुसरा कसला क्लास असतो?

१९ सप्टेंबर, शुक्रवार

दिग्विजय येऊन गेला. आज गॉगल काढून बोलला, म्हणजे काहीतरी महत्त्वाचं असणार हे मी ओळखलं.

त्याने गिऱ्हाईक शोधलंय. गाड्यांचे व्यवहार करणारे कुणी बबनराव दसऱ्याला दुपारी येणार, गाडी आहे तशी उचलणार. म्हटलं, मग माझ्याकडे कशाला टाकली? तर म्हणाला, "अण्णांचा हट्ट. म्हणे दसऱ्यापर्यंत दम काढ, गाडी नीट चालली तर ठेवू, नाही चालली तर वीक. म्हाताऱ्या माणसाचं मन मोडू नये म्हणून हो म्हटलं. पण ताई, तुम्हीच सांगा, घरात माझ्याशिवाय चालवतो कोण? मला मोठी गाडी आलीय. गाडी आईच्या नावावर आहे, सही तिची लागेल, ती करेल. आई माझ्या शब्दाबाहेर नाही."

आणि वर, "तुम्ही पण फार मनावर घेऊ नका."

मनावर घेऊ नका. हे वाक्य मी किती जणांच्या तोंडून ऐकलंय. मी तर मनावर घेणार. आता ही गाडी विकली जाणार नाही. नीट चालली तर ठेवायची असं ठरलंय ना, मग नीट चालणारच. दसऱ्याला तो बबनराव रिकाम्या हाताने परत गेला पाहिजे.

म्हातारा एवढा का अडून बसलाय हे मात्र कळत नाही. पोराच्या वस्तूवर जीव जडला असेल.

२३ सप्टेंबर, मंगळवार

ज्योतीरामच्या घरी काल घट बसले. उपास करतो आणि लेथवर उभा राहतो. मी म्हटलं, चक्कर येऊन पडशील. म्हणाला, पडलो तर तुम्ही शॉकअप लावून द्या.

चारही शॉकअप चकत्या लावून तेलाने भरले. हाताने दाबून बघितले. मागच्यातून एक चकती काढली, परत घातली, परत काढली. आपल्या रस्त्याला काढलेलीच बरी. जर्मनीतल्या नाही, कुरुळीतल्या रस्त्यावर चालायचंय तिला.

२९ सप्टेंबर, सोमवार

दौलतराव पुन्हा आले. आज काखेत उशी. लोकरीचं कव्हर घातलेली, घरी शिवलेली. सीटवर ठेवली, स्वतः बसून बघितलं, डोकं छपराला लागलं, उतरले. मग मला म्हणाले, "पोरी, तू बस. तुझ्या परीस इतभर बुटकं माणूस बसलं तर म्होरचं दिसंल का?"

बसले. म्हटलं, दिसेल.

गाडीसाठी कुणी ड्रायव्हर ठेवणार असतील, तो बुटका असावा. एवढी काळजी ड्रायव्हरची. चांगला माणूस आहे खरं तर, माझाच राग लवकर चढतो.

मग नारिंगी दिव्याबद्दल सांगून ठेवलं, नंतर बोंब नको. म्हटलं, काका, जुन्या वायरीला काही जोडलेलं नाही, एवढंच तो सांगतो. ब्रेकचा दिवा वेगळा, इंजिनाचा वेगळा, ते लागले तर थांबायचं. हा नुसता कुरकुरतो. ते म्हणाले, "कुरकुर करनारं घरात एक हायेच. सवं हाय आमाला."

१ ऑक्टोबर, बुधवार

आज पेन कागदात रुतवून लिहितेय. रागाने.

खंडेनवमी. ज्योतीराम दरवर्षी आपली हत्यारं पुजतो. पाने, पक्कड, हातोडी, सगळं धुऊन पुसून पाटावर मांडायचं, हळदीकुंकू, झेंडूची फुलं, आणि मग दिवसभर कशाला हात लावायचा नाही. मी पूजा करत नाही, आमच्या घरात ती पद्धत नाही. पण माझे पानेही तो घेऊन जातो आणि मी देते. पाने पुसून मिळतात, तक्रार कशाला करा.

सकाळी त्याची बायको ताट घेऊन उभी आणि आमची गाडी अजून लिफ्टवर. त्याने दोनदा घड्याळ बघितलं. म्हटलं, चल, आवळून टाकू आणि देऊ तुझे पाने. भराभर सगळे बोल्ट आवळले, पाने पुसले, त्याच्या हातात दिले. गाडी खाली घेतली.

संध्याकाळी दिग्विजय आला. म्हणाला, चला बघू तुमची कमाल. मी शेजारी बसले. गावठाणातल्या पहिल्याच स्पीडब्रेकरला गाडीने अशी उडी मारली की त्याचं डोकं छपराला आपटलं. दुसऱ्याला परत तेच. गाडी खाली बसायलाच तयार नाही, नुसती थयथय. तो हसला. वाईट हसला नाही, ते जास्त लागलं. म्हणाला, "राहू द्या ताई. टेम्पो बरा. उद्या बबनरावांना येऊ देतो."

परत येऊन गाडीपुढे बसून राहिले. चकत्या चुकल्या का? हाताने दाबून बघितलं ते चुकलं का? ते कंपनीतले लोक बरोबर बोलत होते का? पुन्हा खोलून बघावं तर पाने हळदीकुंकवात. ज्योतीरामचं दार वाजवलं नाही. त्याची श्रद्धा, मी कोण मोडणारी? आणि खरं सांगायचं तर, खोलून काय शोधायचं तेच कळत नव्हतं.

एकच कळतंय. मी त्या म्हाताऱ्याला तोंडावर पाडलं. सुतळीने मोजत होता बिचारा, उशी शिवून आणत होता, आणि मी त्याच्यावर डाफरत होते. गाडी गेली की त्याची हौसही गेली, आणि ती माझ्या हातून गेली.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

एवढं सगळं एका दिवसात झालं, क्रमाने लिहिते.

आज आमचा धम्मचक्र प्रवर्तन दिन. काही झालं तरी चुकवत नाही. पहाटे उठून पांढरी साडी नेसले आणि पिंपळे गुरवला गेले, आई तिथे भावाकडे असते. दोघी विहारात गेलो. मन कुठलं लागतंय. वंदना चालू होती आणि मी डोळे मिटून स्पीडब्रेकर बघत होते.

उठताना साडीचा पदर खांद्यावर चराचरा ओढला. आई बघतच होती. म्हणाली, "पिन वाकून लावलीस ना? आरशात खाली बघत?"

म्हटलं हो, घाईत होते.

"मग ओढणारच. जसं वावरायचं तसं उभं राहून पिन लावावी. वाकून लावलीस की सरळ झाल्यावर कापड मागं खेचतं. एवढी मोठी झालीस, आणि हे मी सांगायचं?"

मी तिथेच उभी. आईला वाटलं मला चक्कर आली.

बोल्ट आम्ही गाडी लिफ्टवर लोंबकळत असताना आवळले होते. चाकं हवेत, चाकांना गाडीशी जोडणारे खालचे दांडे लोंबलेले. दांड्याच्या सांध्यात रबरी बुश असतो, तो त्याच लोंबत्या जागी आवळला गेला. मग गाडी खाली आली, रबराला पीळ बसला, आणि आता तो गाडीला सारखा वर खेचतोय. चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचा भार बसल्यावर शेवटचं आवळायचं असतं. हे मला माहीत नव्हतं? कंपनीत हजारदा केलंय. पण ताट घेऊन उभ्या असलेल्या बाईपुढे घाई केली. चकत्या बरोबर होत्या. हात बरोबर होते. चूक माझ्या घाईची होती.

आईला भावाकडे पोचवलं आणि निघाले. हायवेला दसऱ्याची गर्दी, प्रत्येक गाडीला झेंडूचे हार, त्यात रिक्षावाल्याला निवांत गप्पा मारायच्या होत्या. दुकानात पोचले तेव्हा सूर्य डोक्यावर यायला लागला होता. ज्योतीराम दाराला तोरण बांधत होता. त्याला चूक सांगितली. तो कपाळावर हात मारून म्हणाला, "आई शप्पत. मी पण तिथंच होतो की."

मग मी अडखळत म्हणाले, "पण पाने तर तुझ्या पूजेत आहेत. शेजारच्या वस्तीतून कुणाचे मिळतात का बघते."

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी अडाण्यासारखं बोलले. आत गेला आणि पाटावरचा मोठा पाना उचलून घेऊन आला. हळद-कुंकू तसंच, झेंडूची पाकळी चिकटलेली.

"ताई, काल पुजायचं असतं. आज उचलायचं असतं. दसऱ्याला हत्यार नाही उचललं तर पुजलं कशाला?"

पांढऱ्या साडीनिशी गाडीखाली गेले. लिफ्ट नाही, चाकं लाकडी ठोकळ्यांवर, गाडीचा भार जिथल्या तिथे. एकेक बोल्ट सैल केला. चौथ्याला गाडीने आवाज केला आणि सावकाश खाली बसली, दमलेलं माणूस खुर्चीत बसतं तशी. मग आवळले. बाहेर आले तेव्हा साडी ग्रीसने आणि हळदीने रंगली होती. आई बघेल तेव्हा बघेल.

तेवढ्यात दुधाचा टेम्पो थांबला. दौलतराव उतरले, मागून दुर्गाबाई. पहिल्यांदाच बघितलं त्यांना. बुटक्या, काटक, हिरवं नऊवारी, काष्टा घट्ट, हातात आपट्याची फांदी. पाठोपाठ मोठ्या गाडीतून दिग्विजय. "बबनराव पोचतायत," म्हणाला, "आई, चल, सही करून टाक."

दुर्गाबाईंनी फांदी दुसऱ्या हातात घेतली. दौलतरावांनी गाडीचं दार उघडलं. ड्रायव्हरच्या बाजूचं. सीटवर उशी ठेवली, धोतराच्या सोग्यातून गाठ मारलेली सुतळी काढली आणि सीट गाठीपर्यंत पुढे ओढली. मग बाजूला झाले.

आणि दुर्गाबाई आत बसल्या.

मी एवढी वेडी. सुतळी, पायडल, कापड अडकण्याची भीती, इतभर बुटकं माणूस, राजगुरुनगरचा क्लास. आणि मी भजन समजत होते. कांद्याचा ट्रॅक्टर चाकणला कोण नेत होतं हे एकदा तरी विचारायला नको होतं का मी? बाई म्हणून मला कमी समजतात म्हणून मी जगाशी भांडत होते, आणि माझ्यासमोर बाईची गाडी उभी होती, ते मला दिसलं नाही.

"आई, काय चाललंय?" दिग्विजयचा आवाज चिरकला. "लोक काय म्हणतील? साठी उलटली तुझी."

"लायसन काडलंय," दुर्गाबाई म्हणाल्या. "सायबानं साठी बगितली न्हाई, वळण बगितलं. ट्रॅक्टर इकलास तवा मला इचारलं न्हाईस. म्हनलं जाऊ दे, पोराचं राज्य हाय. ही गाडी माज्या नावावर कुनी क्येली?"

"ते कागदापुरतं..."

"मग कागदावर सही मी करायची न्हाई."

चावी फिरवली. डॅशबोर्ड उजळला आणि तो नारिंगी दिवा लागला. दिग्विजयला तेवढंच हवं होतं. "बघ, बघ. बिघाडाचा दिवा आहे. गाडी खराब आहे, आई. उतर."

दुर्गाबाईंनी माझ्याकडे बघितलं. ग्रीसने माखलेल्या बाईकडे. "पोरी, धोका हाय का?"

"नाही काकू. जुनी वायर कुणाशी जोडलेली नाही, एवढंच सांगतोय तो. गाडी माझ्या शब्दावर न्या."

त्यांनी मान हलवली. हातातल्या फांदीचं एक आपट्याचं पान तोडलं, जिभेला लावून ओलं केलं आणि त्या दिव्यावर चिकटवून टाकलं. "सोनं घे आनि गप ऱ्हा," दिव्याला म्हणाल्या.

दौलतराव शेजारी बसले, दोन्ही हातांनी टोपी धरून. गाडी निघाली. मी दुकानाच्या दारातून गावठाणाच्या स्पीडब्रेकरकडे बघत होते. गाडी एकदा खाली बसली, एकदा वर आली, आणि सरळ पुढे गेली. ज्योतीरामने माझ्या हातावर हात ठेवला होता, कधी ठेवला ते कळलं नाही. नंतर काढलाही नाही त्याने लगेच.

वेशीच्या पलीकडे राजगुरुनगरच्या बाजूला वळून लाल रंग दिसेनासा झाला.

थोड्या वेळाने बबनराव आले. फाइल काखेत, पेन खिशाला. रिकाम्या लिफ्टकडे बघितलं, दिग्विजयकडे बघितलं. दिग्विजय फोनमध्ये डोकं घालून उभा होता, पण फोनवर काहीच नव्हतं.

"गाडी कुठाय हो?"

"शिलंगणाला गेलीय," मी म्हणाले. "मालकीणबाई घेऊन गेल्यात."